मित्राबरोबर वर्कशॉप काढताय? मग हे आधी बोलून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. एकाच तालमीत वाढलेले दोन मित्र शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये सीएनसी जॉबवर्क (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्यांचे भाग घडवून देणं) सुरू करणार आहेत. एकाचे १२ लाख आणि संध्याकाळचा वेळ, दुसऱ्याचे २ लाख आणि सगळा दिवस. सोबत एक मुरलेला मिस्त्री येतोय, त्याला भागीदारी हवी आहे. एक मित्र म्हणतो, आपल्यात लिहून घ्यायची वेळ आली तर मैत्री कसली? दुसऱ्याला झोप लागत नाही. शिवाय तालमीची वर्गणी फर्ममधून द्यायची का, हाही प्रश्न आहेच.

लिहा. मशीनचा अॅडव्हान्स द्यायच्या आधी लिहा.

मित्रांच्या भागीदाऱ्या मोडतात तेव्हा बहुतेक वेळा कुणी कुणाला फसवलेलं नसतं. दोघांच्या डोक्यात दोन वेगळी गणितं चालू असतात आणि संकोचापोटी ती कुणी मोठ्याने बोलत नाही. ज्याचे पैसे आहेत तो म्हणतो, 'जोखीम माझी'. जो दहा तास मशीनवर उभा आहे तो म्हणतो, 'घाम माझा'. दोघंही खरं बोलत असतात, म्हणून तर भांडण मिटत नाही.

काहीच लिहिलं नाही तर कायदा काय म्हणतो ते आधी बघा. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चा. त्याच्या कलम १३ प्रमाणे, वेगळं ठरलं नसेल तर भागीदाराला कामाचा पगार नाही, भांडवलावर व्याज नाही, आणि नफा-तोटा सारखा वाटायचा. भांडवलाच्या वर फर्मला उसने पैसे दिले तर त्यावर तेवढं वर्षाला ६ टक्के व्याज. म्हणजे वर्षाला ९ लाख उरले तर साडेचार-साडेचार. बारा लाखवाल्याला वाटणार माझं भांडवल फुकट राबलं, दहा तासवाल्याला वाटणार माझी मजुरी बुडाली. 'आपलं काय, निम्मं-निम्मं' या वाक्याचा हिशोब हा असा होतो.

त्यापेक्षा तीन गोष्टी वेगळ्या करा. भांडवलाला व्याज, कामाला पगार, आणि जोखमीला नफा. तुमचेच आकडे घेऊन मांडतो. भांडवलावर १२ टक्के धरा, कारण आयकरात भागीदाराला दिलेलं व्याज तेवढ्यापर्यंतच खर्च म्हणून धरतात. पहिल्याला १,४४,००० आणि दुसऱ्याला २४,०००. पगार: पूर्ण वेळवाल्याला महिन्याला ३०,०००, म्हणजे वर्षाला ३,६०,०००. संध्याकाळी बिलं, बँक आणि जीएसटी बघणाऱ्याला महिन्याला ८,०००, म्हणजे ९६,०००. नऊ लाखांतून व्याजाचे १,६८,००० आणि पगाराचे ४,५६,००० वजा केले की २,७६,००० उरतात. ते निम्मे-निम्मे, १,३८,००० प्रत्येकी. एकूण पहिल्याला ३,७८,००० आणि दुसऱ्याला ५,२२,०००. हा आकडा दोघांनी एकमेकांसमोर बसून कागदावर काढा. पहिल्याला हे कमी वाटत असेल तर ते आज कळू दे, चौथ्या दिवाळीला नको.

आता वाईट वर्ष धरा, कारण करार त्यासाठीच असतो. सगळे खर्च जाऊन चारच लाख उरले. व्याज आणि पगार मिळून ६,२४,००० होतात, म्हणजे २,२४,००० ची तूट. निम्मी-निम्मी सोसली तर पहिल्याच्या हातात १,२८,००० आणि दुसऱ्याच्या २,७२,०००. इथे बोलून ठेवायची गोष्ट ही, की अशा वर्षी आधी काय थांबवायचं. माझं मत स्पष्ट आहे: आधी भांडवलाचं व्याज थांबवावं, पगार शेवटी. पगारावर एकाचं घर चालतं. थांबलेलं व्याज बुडालं असं धरायचं, की ते पुढच्या वर्षी द्यायचं, हेही एका ओळीत लिहा.

आयकराच्या दोन गोष्टी सीएकडून पक्क्या करून घ्या. पगार फक्त काम करणाऱ्या भागीदाराला आणि करारात लिहिला असेल तरच खर्च म्हणून मिळतो. पुस्तकी नफ्याच्या (व्याज वजा करून, पण भागीदारांचा पगार वजा करायच्या आधी उरलेल्या नफ्याच्या) पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के किंवा ३ लाख यातलं जे जास्त ते, आणि त्यावरच्या नफ्यावर ६० टक्के, अशी मर्यादा आहे. वरच्या चांगल्या वर्षात तुमचा ४,५६,००० पगार पूर्ण बसतो. वाईट वर्षात मात्र ३ लाखच बसतात, बाकीचा पगार खर्च म्हणून धरला जात नाही. दुसरं म्हणजे १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराचा पगार आणि व्याज मिळून वर्षाला २०,००० च्या वर गेले की १० टक्के टीडीएस. पूर्ण वेळवाल्या मित्राचे ३८,४०० असे कापले जातील आणि रिटर्न भरल्यावरच परत यायचे ते येतील. हे त्याला आधी माहीत नसेल तर 'माझेच पैसे का कापले' इथून सुरुवात होते.

आता भंगार. यावर जरा थांबतो, कारण एवढ्या लहान गोष्टीवरून एवढी जुनी मैत्री तुटते हे बाहेरच्याला पटत नाही. समजा १२ किलोचं बीडाचं कास्टिंग (ओतीव लोखंडाचा कच्चा भाग) येतं आणि मशिनिंग होऊन साडेनऊ किलोचा जॉब जातो. नगामागे अडीच किलो बोरिंग, म्हणजे कातलेला चुरा, खाली पडते. महिन्याला हजार जॉब केले की अडीच टन. किलोला २० रुपये धरले तरी ५०,००० रुपये होतात. पूर्ण वेळवाल्या भागीदाराच्या पगारापेक्षा जास्त रक्कम मशीनच्या ट्रेमध्ये पडलेली असते! भंगारवाला शनिवारी टेम्पो घेऊन येतो, शेडमध्ये त्या वेळी एकच भागीदार असतो, रोख मोजली जाते, त्यातून कूलंट, चहा, हमाली, डिझेल भागतं. तो पैसे खात नाही, पण वहीत लिहीतही नाही. वर्षाने संध्याकाळी येणारा भागीदार विचारतो आणि शेडमधल्याला तो आरोप वाटतो.

म्हणून: बोरिंग कुणाची हे गिऱ्हाइकाच्या ऑर्डरवरच लिहून घ्या. माल त्याचा असेल तर बोरिंगही बहुधा त्याचीच असते, वजन करून चलनाने परत द्यायची. दर कमी घेऊन ती तुमच्याकडे राहणार असेल तर विक्री जीएसटी बिलाने, वजनकाट्याची पावती लावून, पैसे फर्मच्या खात्यावर. बीड, एमएस आणि अॅल्युमिनियम वेगवेगळ्या बॅरलमध्ये ठेवा, मिसळलं की दर पडतो. शेडच्या किरकोळ खर्चाला महिन्याला ठरावीक रक्कम बँकेतून काढा, भंगारातून नाही.

असंच दुसरं छिद्र म्हणजे सुटीत फर्मच्या मशीनवर केलेली 'बाहेरची कामं'. कायद्याच्या कलम १६ प्रमाणे फर्मच्या मालमत्तेतून किंवा नावातून भागीदाराने केलेला नफा फर्मला द्यावा लागतो. मशीन रिकामं असताना कुणाचं तरी काम करून दिलं तर बिघडलं कुठे, असं वाटतं. बिघडतं ते इन्सर्ट (धातू कापायची बदलती टोकं), वीज आणि मशीनच्या आयुष्यात. परवानगी द्यायची असेल तर ताशी दर ठरवून द्या.

बँकेचं कर्ज घेताना घरच्यांना बसवून एक वाक्य समजावून सांगा. भागीदारीत प्रत्येक जण फर्मच्या सगळ्या देण्याला एकटाही जबाबदार असतो (कलम २५). बँक निम्मं याच्याकडून आणि निम्मं त्याच्याकडून असं मागत बसत नाही, ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घेते. वडिलांचं घर तारण द्यायच्या आधी सीजीटीएमएसई हमी योजनेत विनातारण कर्ज बसतं का ते बँकेला विचारा. एलएलपी केली तर भागीदाराची जबाबदारी मर्यादित होते, हे बरोबर. पण बँक वैयक्तिक हमी घेतेच, तेव्हा कर्जापुरता तो आधार अर्धाच. आणि भागीदार फर्ममधून बाहेर पडला तरी त्याची हमी आपोआप सुटत नाही. बँकेचं लेखी पत्र मिळेपर्यंत तो त्या कर्जात आहेच.

मित्राकडून हातउसने घ्यायचे तर २०,००० किंवा त्यावरची रक्कम रोख घेऊ नका आणि रोख फेडूही नका. तेवढ्याच रकमेचा दंड बसू शकतो. भिशीचा नंबर लागला म्हणून ते पैसे मशीनच्या हप्त्यात घालायचा मोह टाळा. पुढचे हप्ते घरातून जाणार असतात आणि घरातल्यांना त्याचा पत्ता नसतो.

करार झाला की फर्म निबंधकाकडे नोंदवा. बिगरनोंदणीच्या फर्मला करारातला हक्क मागायला बाहेरच्यावर दावा लावता येत नाही (कलम ६९). चार लाखांचं बिल अडकलं की ही नोंदणी आठवते. नोंदणी दाव्याच्या दिवशी असली तर चालते असं म्हणतात, पण गिऱ्हाइकाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो, तेव्हा धावपळ कशाला?

बाहेर पडायचं कसं, हे सगळं गोड असताना लिहा. तीन महिन्यांची नोटीस. दरवर्षी ३१ मार्चला मशीन, येणी, देणी आणि शिल्लक मालाची यादी करून दोघांच्या सह्या. बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा त्या यादीवरून, मशीनची किंमत पुस्तकी न धरता दोन डीलरच्या लेखी कोटेशनची सरासरी धरून, आणि पैसे बारा हप्त्यांत. हे नसेल तर जाणाऱ्याला हिशोब पुरा होईपर्यंत नफ्यातला वाटा किंवा ६ टक्के व्याज मागायचा हक्क राहतो (कलम ३७), आणि ते वर्षानुवर्षं रेंगाळतं. जाहीर नोटीस द्यायला विसरू नका: निबंधकाला, राजपत्रात आणि जिल्ह्यात खपणाऱ्या एका मराठी वर्तमानपत्रात. तोवर बाहेर पडलेला माणूसही नव्या देण्यात अडकू शकतो. दोघांचीच फर्म असेल तर एकाच्या मृत्यूनंतर ती उरतच नाही. वारसाला नव्या कराराने घ्यायचं की पैसे देऊन मोकळं करायचं, हे आजच लिहा, आणि त्या रकमेएवढा टर्म विमा दोघांनी एकमेकांसाठी काढा.

आता कामगार. निष्ठा हा शब्द शेडमध्ये फार सहज वापरला जातो, 'माणसं टिकत नाहीत' म्हणून. माणूस कशावर टिकतो? पगार ७ तारखेच्या आत. ओव्हरटाइम दुप्पट दराने, आणि त्याचे तास त्याच्याही डायरीत. दहा माणसं झाली की ईएसआय (कामगार विमा): १८,००० पगारावर त्याचे १३५ आणि तुमचे ५८५. वीस झाली की पीएफ. ग्रॅच्युइटी सलग पाच वर्षांनंतर देय होते, पण तरतूद पहिल्या महिन्यापासून करा. मूळ पगार अधिक महागाई १८,००० असेल तर वर्षाला १५ दिवसांचे, २६ ने भागून, १०,३८५ रुपये होतात, म्हणजे महिन्याला साधारण ८६५. नऊ वर्षांनी जाणाऱ्याला ९३,४६२ द्यायचे असतात. ते वेगळ्या खात्यात नसतील तर निरोपाच्या दिवशी मालक तोंड चुकवतो, आणि शेडमधली बाकीची माणसं ते बघत असतात.

उचल द्या, पण दोन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त नको, आणि कापायचा हप्ता पगाराच्या दहाव्या भागाइतका. मोठी उचल देऊन माणूस अडकवून ठेवायची जुनी सवय आहे. अडकलेला माणूस कामावर येतो, पण इन्सर्ट तुटला तर सांगत नाही, ऑफसेट चुकला तर जॉब क्रेटच्या तळाशी घालतो. ती किंमत उचलीपेक्षा मोठी असते.

चांगला कारागीर एक दिवस स्वतःची शेड काढणारच. कोल्हापूरचं उद्यमनगर असंच वाढलं, लेथवरचा माणूस पुढे लेथचा मालक झाला. 'सोडल्यावर हाच धंदा करणार नाही' असं लिहून घेण्यात अर्थ नाही, करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे नोकरी सोडल्यानंतरचं असं बंधन चालत नाही. तुमच्या हातात आहे ते एवढं: प्रत्येक जॉबचं सेटिंग शीट फोटोसह, प्रोग्रामची प्रत मशीनबाहेर, गेज आणि फिक्स्चरवर नंबर मारून रजिस्टर, गिऱ्हाइकाची ड्रॉइंग सहीने देणं-घेणं. एक महिन्याची नोटीस आणि त्यात दुसऱ्याला शिकवणं. मग त्याच्या नव्या शेडला तुमचं ड्रिलिंग-टॅपिंगचं काम द्या. तुमच्या मापाची सवय असलेला व्हेंडर दुसरा मिळणार नाही.

गिऱ्हाइकाच्या बाबतीत दोनच गोष्टी. कास्टिंगमधला ब्लोहोल (ओतताना आत राहिलेली पोकळी) शेवटच्या ऑपरेशनला उघडा पडतो, तेव्हा तोवरच्या मशिनिंगचे पैसे कोण देणार, हे दर ठरवतानाच लिहा: कास्टिंगचा दोष असेल तर झालेल्या ऑपरेशनपर्यंतची मजुरी तुम्हाला, मशिनिंगचा दोष असेल तर भंगार किंमत वजा करून कास्टिंगची भरपाई तुमच्याकडून. आणि उद्यम नोंदणी करून तो नंबर बिलावर छापा. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी ४५ दिवसांच्या आत सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल द्यावं लागतं. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज. शिवाय मुदत उलटून वर्षअखेर थकलेलं बिल गिऱ्हाइकाला त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही. म्हणून मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात थकबाकीची यादी पाठवा, तेव्हा त्यांचा अकाउंटंट स्वतः फोन करतो.

मित्रमंडळी शेडवर आली की 'घरचंच काम आहे, बघ जरा' असं म्हणणार. इथे मला राजर्षी शाहू महाराजांची आठवण होते. गंगाराम कांबळे या तबेल्यातल्या नोकराला पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून मारहाण झाली. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि मग स्वतः लवाजम्यासह तिथे थांबून, भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत त्यांचा चहा प्यायले. धंदा काढणाऱ्याला नुसतं भांडवल पुरत नाही, गिऱ्हाईक लागतं, आणि ते उघडपणे लागतं, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. मित्राच्या शेडला मदत करायची असेल तर पूर्ण दराने काम द्यावं आणि चार जणांना त्याचं नाव सांगावं. तुमच्याकडे येणाऱ्या मित्रांनाही एकच दरपत्रक दाखवा. सूट द्यायचीच असेल तर ती बिलावर सूट म्हणून लिहा, म्हणजे तुमच्या भागीदाराला ती दिसते.

वर्गणीचं सोपं आहे. तालीम, गणपती, फुटबॉल, जोतिबाची यात्रा, सगळं मिळून वर्षाच्या सुरुवातीला एक रक्कम ठरवा आणि ती संपली की संपली. फर्मच्या नावाने द्यायची ती पावती घेऊन, दोघांच्या संमतीने. तुम्ही एकाच तालमीचे आहात म्हणून आज अडचण नाही, पण शेडमधली माणसं पाटाकडील तालमीचीही असतील आणि दिलबहार तालमीचीही. स्वतःच्या तालमीसाठी जास्त द्यायचं असेल तर आपल्या उचलीतून द्या.

वर्गणीच्या त्या रकमेतला एक भाग पुरासाठी राखा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी त्याच्या बरंच वर गेलं आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. तुमची शेड कोरडी राहिली तरी नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीचा कामगार घर सोडून बाहेर पडलेला असेल. त्या दिवसांचा पगार देणार की नाही, किती दिवस, हे जूनमध्ये फळ्यावर लावा. विम्यात पूर-वादळाचं कलम आहे का बघा, आणि गिऱ्हाइकाचं तुमच्याकडे पडलेलं कास्टिंग 'विश्वासाने ठेवलेला माल' म्हणून त्यात नोंदवून घ्या. बऱ्याच पॉलिसींत फक्त स्वतःचा माल असतो.

राहिला मिस्त्री. त्याला नफ्यात वाटा जरूर द्या, पण भागीदार लगेच करू नका, आणि त्याचं कारण त्याच्याच भल्याचं आहे. भागीदार झाला की फर्मच्या कर्जाला त्याचं घरही लागतं. नोकराला पगाराचा भाग म्हणून नफ्यातला हिस्सा दिला तर एवढ्यावरून तो भागीदार ठरत नाही (कलम ६). तेव्हा नेमणूक पत्रात लिहा: पगार इतका, रिजेक्शन ठरलेल्या टक्क्यांच्या आत राहिलं तर महिन्याचा इन्सेंटिव्ह इतका, आणि ३१ मार्चच्या सही झालेल्या हिशोबावर निव्वळ नफ्याचे ५ टक्के, ३० जूनपर्यंत खात्यावर. हिशोबाची प्रत त्यालाही द्या. तीन वर्षांनी तो पुन्हा भागीदारी मागेल, तेव्हा त्याच्या हातात तीन ताळेबंद असतील. त्या वेळी दोघांनी त्याच्या घरी जा, वहिनींना समोर बसवा आणि करार मराठीत वाचून दाखवा. बँकेच्या हमीचं पान दोनदा वाचा.